कचरा डेपोवर कचरा टाकल्याच्या नोटिशीबाबत

प्रति,
मा. मुख्याधिकारी साहेब,
आंबेकोंड नगरपालिका, जि. रत्नागिरी

अर्जदार: राही केरू गोताड, धंदा आंबा-काजूची कलमे, राहणार डेपोच्या कुंपणाला लागून

विषय: डेपोवर घातलेले खत न काढणेबाबत.
संदर्भ: आपली नोटीस, दि. ३ नोव्हेंबर १९८६.

महोदय,

१. डेपोवर विनापरवाना कचरा टाकला, तो आठ दिवसांत उचलावा, तेथे पुन्हा मुरूम दाबला जाईल, अशी नोटीस अर्जदार बाईस मिळाली. बाईने टाकला तो कचरा नव्हे. पातेरा म्हणजे वाळका पाला, शेण आणि मिरकरवाडा बंदरावरची मासळीची घाण वर्षभर कुजवून, चाळून केलेले खत आहे. आणि कचरा असता, तरी तो डेपोवर नाही तर काय साहेबांच्या ओटीवर टाकायचा? (हे वाक्य गाळावे असे लिहिणाराने सुचविले. बाई गाळू देत नाही.)

२. सन ८४ साली आपण डेपोवर मुरूम घालून रोलर फिरविला. आत कुजणाऱ्या कचऱ्याचा वायू, गोबर गॅसच्या टाकीत होतो तोच, वर निघेना. तो जांभ्याच्या भेगांतून बाईच्या चुलीपाशी आला. सून चिमा हिने सकाळी काडी ओढली, तो जमिनीवरून निळा जाळ धावला. दोन्ही पाय भाजले. चिमा अजून टाचांवर चालते. तेव्हा आपल्या कचेरीतून नोटीस सोडाच, कुत्रेही फिरकले नाही.

३. शेवटी बाईने घराकडच्या बाजूचा मुरूम कुदळीने उकरून दोन हात जाड खत घातले आणि ते ओले राखले. तेव्हापासून घरात वास नाही की जाळ नाही. हे ऐकून आपले निरीक्षक हसले. हसोत बापडे. मुरूम मेलेला असतो. खत जिवंत असते, हात घातला की ऊन-ऊन लागते. त्यातून वर येईस्तोवर वायू खाल्ला जातो, असे बाईचे म्हणणे आहे. चुलीला पटले, कचेरीला पटत नाही. पाय भाजणारे मोकळे आणि जाळ विझवणारीला दंडाची धमकी, म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

४. सबब, नोटीस रद्द करून उरलेल्या डेपोवरही खत घालावे. ते होत नसेल, तर मुरूम दाबल्याच्या दुसऱ्या सकाळी साहेबांनी जातीने बाईच्या घरी यावे. चहा बाई पाजील. चिमा अंगणात उभी राहील. चुलीला काडी साहेबांनी ओढावी.

आपली, आजपावेतो नम्र,
राही केरू गोताड
(डाव्या अंगठ्याची निशाणी)

लिहिणार: अस्लम सोलकर, अर्ज लिहून देणार
दि. ७ नोव्हेंबर १९८६

सोबत:
१. नोटिशीची नक्कल
२. काडेपेटी, एक, भरलेली. पोच द्यावी.