दादाची मालिका वाढवली

बाबा,

तुम्हाला ही मालिका आवडली नसती. एका उजाड ग्रहाच्या पोटात बोगदे करून माणसं राहतात आणि त्यांच्याही खालून कोणीतरी ठोकतं, एवढीच गोष्ट. पण वर्षानुवर्षं चालली आहे, आणि दादा पहिल्या भागापासून तिच्यात अडकला आहे. "याहिनं खाण पाह्यली हाय," तो म्हणाला होता. "छत पडाच्या आधी सारं कसं गप होते, पाह्य." तुमच्यासारखाच तोही जन्मभर जमिनीखाली राबला. आता घुग्घुसच्या याच घरात आम्ही दोघं म्हातारी भावंडं हिंदीत डब झालेले भाग पुन्हा पुन्हा पाहतो. दुपारी सुरुंग उडाले की स्वयंपाकघरातली भांडी वाजतात, आणि दादा पडद्यावरून नजर न काढता म्हणतो, "आपल्याकडचाच आवाज हाय, पोरी. भिऊ नको."

उन्हाळ्यात त्याचा दम वाढला म्हणून मी त्याला नागपूरला नेलं. डॉक्टर त्याच्या पाठीवर दोन बोटांनी ठोकत होते, कान देऊन, आणि मला तुमची काठी आठवली. तुम्ही खाणीत तिने छत ठोकत पुढे जायचात, पोकळ आवाज आला की मागच्या माणसांना हात करून थांबवायचात. डॉक्टरांचा चेहरा तसाच थांबला. फुप्फुसाचा एक तुकडा काढावा लागेल, उशीर करू नका, म्हणाले. एका सोमवारची तारीख दिली. दादाने गाडीतच अट घातली: मालिकेचं काय ते ठरू दे. शेवटचा सीझन जाहीर झाला, तर त्याच्या आधी ऑपरेशन, कारण शेवट पाहायला दम पाहिजे. पुढे बरीच वर्षं चालणार असेल, तर घाई नाही. मी हसले. तो हसत नव्हता.

तुम्हाला तो सकाळचा प्रसंग आठवतो का? मी चंद्रपूरच्या कॉन्व्हेंटमधून सुट्टीला आले आहे, आई पोळ्या लाटते आहे, तुम्ही पहिल्या पाळीला निघाला आहात. मी डबा उघडून म्हणते, "आई, तेल संपलं." तुम्ही उंबऱ्यात थांबता. माझ्यावर आवाज चढवलात तो तेवढा एकदाच. "बाप खाली उतराले चालला अन् तू घरात संपलं संपलं करून राह्यली? वाढलं म्हण." त्या दिवसापासून या घरात काही संपलं नाही. तेल वाढलं, मीठ वाढलं, मोडलेली बांगडी वाढली, कोपऱ्यावरच्या वाण्याने दुकानसुद्धा वाढवलं. मिशनच्या सिस्टर माझी मराठी दुरुस्त करायच्या, तरी हा शब्द मी सोडला नाही.

गेल्या गुरुवारी बातमी आली. या मालिकेच्या वेड्यांचा आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. सिमेंट कारखान्यातले पाळीवाले, मोबाईल दुरुस्त करणारे भाई, गोंडपिपरीची माझी एक जुनी विद्यार्थिनी, दादा आणि मी. इंग्रजीतलं काही आलं की सगळे माझ्याकडे वळतात. कोणीतरी निर्मात्यांचं लांबलचक निवेदन टाकलं आणि खाली प्रश्नांची रांग लागली. "बाई, काय लिवलं हाय?" "चालू राहून राह्यली का बंद?" भाईंनी लिहिलं, "बाई, जल्दी बोलो, इधर ग्राहक खडा है." निवेदन स्पष्ट होतं. पुढचा सीझन शेवटचा. शेजारच्या खोलीत दादाचा खोकला चालू होता. मी टाईप केलं: मालिका वाढवली.

पाच मिनिटांत फटाक्यांची चित्रं, नाचणारी माणसं, फुलं. "अबे, मालिका वाढवली!" "बाईच्या तोंडात साखर!" एकाने सुट्टी टाकायची ठरवली, विद्यार्थिनीने लिहिलं की ती रडते आहे. बाहेर येऊन पाहते तर दादा फोन छातीशी धरून उभा. "वाढवली म्हणते तू," तो म्हणाला. मी हो म्हटलं. "मंग सोमवारी काऊन जाचं?" तो जेवायला बसला आणि कितीतरी दिवसांनी मागून भात घेतला.

शनिवारी भाईंना खरी बातमी हिंदीत सापडली. मग माझी खैर नव्हती. "कॉन्व्हेंटवाल्या बाई नापास!" "बाई, तुमची फी वापस करा लागते." मी लिहिलं की आमच्या घरात वाढवणे म्हणजे आटोपणे, पण कोणी ऐकायला तयार नव्हतं. दादा एकेक टोमणा मोठ्याने वाचून दाखवत होता, हसत होता, आणि हसता हसता खोकल्याने वाकला. रुमाल तोंडावरून काढून त्याने पाहिला आणि मुठीत लपवला. मी वाट पाहत होते की आता तो सोमवारचं विचारील. त्याने विचारलं नाही. मीही विषय काढला नाही. बाबा, तुमच्याच घरात लहानाचा मोठा झालेला माणूस तो शब्द चुकीचा वाचेल का? गुरुवारीच त्याला कळलं असेल, असं आता मला सारखं वाटतं. तो माझ्याकडे पाहत होता, मी काय म्हणते ते ऐकत होता. मी हो म्हटलं.

आई आणि मी तुम्हाला नागपूरच्या दवाखान्यात सोडून आलो होतो. चौथ्या दिवशी गाडी दारात आली तेव्हा मला वाटलं, बरे होऊन आलात. मग चादर दिसली.

आज सोमवार. ऊन वर आलं आहे, दादा अजून झोपला आहे, श्वास इथपर्यंत ऐकू येतो. दादाला वाटेल की आज आपण दोघं नुसतं दवाखान्यात गेलो नाही. तसं नाही, बाबा. गुरुवारी, ग्रुपवर लिहायच्याही आधी, मी दवाखान्यात फोन करून सांगितलं होतं की त्यांना आता बरं आहे, तारीख दुसऱ्या कोणाला द्या.