संग्रहालयातली पाचर

तीर्थरूप दाजींना वाकून नमस्कार (गुडघा वाकत नाही, पण पत्रात वाकायला काय जातं). तुमचं बीपी आटोक्यात असेल आणि अक्काचं नसेल, असं धरून चालतो. मी बरा आहे, म्हणजे दोन वेळा जेवतो. झोप मात्र कालपासून नाही. फोनच केला असता, पण अक्का फोन स्पीकरवर टाकते आणि मग गल्लीभर होतं. म्हणून आमच्या तुकडीतल्या नर्सबाई उद्या संध्याकाळी परत निघतायत, त्यांच्या हाती हे पत्र देतोय. एकट्याने वाचा.

इथल्या शाळेची बाकं दुरुस्त करायला मी एका सेवाभावी संस्थेतर्फे दीड महिन्यासाठी परदेशी आलो, ते तुम्हाला ठाऊकच आहे. पंधरा दिवसांत एकशेदहा बाकं उभी केली, तेव्हा संस्थेने खूश होऊन रविवारी आम्हाला शहर दाखवायला नेलं. सकाळी पूल पाहिला (पूल आहे, खाली नदी आहे), मग घड्याळाचा मनोरा, मग लोकनृत्य. त्यात पाहुण्यांनाही ओढून नाचवतात हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. तिथेच माझ्या गुडघ्याने मान टाकली.

तशा लंगडत्या अवस्थेत संग्रहालय. कुणा बड्या असामीचं जुनं घर, प्रत्येक दालनात दोरी, आणि दोरीपलीकडे हात लावाल तर पुढच्या विमानाने घरी, अशी तंबी. एका दालनाच्या राखणदार बाईंनी माझी अवस्था बघून स्वतःचं स्टूल मला दिलं. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली (हे मागाहून कळलं), केस पांढरे, भाषा एकमेकांची कळत नाही, पण स्टूल कळलं. बसलो, तर समोर तीनशे वर्षांची खुर्ची, आणि तिचा मागचा पाय जमिनीपासून बोटभर वर. दाजी, चाळीस वर्षं सुतारकी केलेल्या माणसाला ती बघवेना. बाई शेजारच्या दालनात कुणाला तरी दटावायला गेल्या, आणि मी दोरी ओलांडली. सांधा ढिला होता. खिशात कालची लाकडाची ढलपी होती. पाचर बसवली, चपलेने दोन ठोके दिले, खुर्ची चारही पायांवर उभी. दोन मिनिटांचं काम. मी मनात म्हटलं, वा.

काल आमची दुभाषी मुलगी सांगत आली की कुणीतरी ऐतिहासिक वस्तूत नवं लाकूड ठोकलंय, आणि त्या वेळी दालनात कोण होतं ते बाई सांगत नाहीत, म्हणून उद्या दहाला त्यांचीच चौकशी आहे. नोकरी जाईल म्हणतात. गेलो तर मी परत, न गेलो तर ती बिचारी घरी. काय करू, ते तुम्हीच सांगा. तुमचा सल्ला मी कधी मोडला नाही (फारसा विचारलाही नाही).

अक्काला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमचा धाकटा मेव्हणा

ता. क. पत्र पोचेपर्यंत दहा वाजून गेलेले असतील हे आत्ता लक्षात आलं. तेव्हा सल्ला राहू द्या. खरं काम वेगळंच आहे. निघताना गल्लीने शाल-श्रीफळ दिलं, फ्लेक्स लावला. तीन आठवडे आधीच परत आलो तर कुठल्या तोंडाने त्याच्याखालून जाऊ? तेवढे दिवस मला तुमच्या मळ्यातल्या खोलीत ठेवा. अक्काला सांगा, विहिरीची मोटार दुरुस्तीला माणूस आणलाय.

ता. क. २. जाऊन आलो. सगळं कबूल केलं. दुभाषीने सांगितलं की बाईंनी मला ठोके देताना दारातून पाहिलं होतं. ती खुर्ची दुरुस्त करा म्हणून त्या अकरा वर्षं अर्ज करत होत्या म्हणे, म्हणून त्यांनी माझं नाव घेतलं नाही. मला दाजी, तिथेच रडू आलं, लाज वाटली ती वेगळी. त्यांची नोकरी राहिली. माझं विमान शनिवारी आहे, खोली झाडून ठेवा. पाचर मात्र अजून कुणाला निघालेली नाही.