नारळ आणि सोलरची प्लेट

१२ जानेवारी
जाम गावच्या चौकात वेदश्री त्या निकेशच्या बाइकवर मागे बसली, त्या क्षणी माझं आयुष्य बदललं. दोन वर्षं मी तिच्या गल्लीतून रोज जातो, तिला सगळं समजलेलं आहे. निकेश सोलर कंपनीत इंजिनीअर. त्याचं पिवळं हेल्मेट तिने मांडीवर घेतलं होतं, लेकराला घ्यावं तसं. मी चहाच्या टपरीला लाथ मारली. टपरी हलली नाही. अंगठ्याचं नख गेलं.
ठरलं. सोलरमध्येच नोकरी. निकेशचा साहेब व्हायचं, मग त्याचे दात पाडायचे.

१९ जानेवारी
वर्ध्याला इंटरव्ह्यू. साहेबाने विचारलं, इंजिनीअरिंग मधातच काऊन सोडलं? म्हटलं, सरांची कॉलर धरली होती, चूक सरांची. तो हसला. मी टेबलावर मूठ आपटली, काच तडकली. "कळवतो" म्हणाला. निघताना दार असं आपटलं की बोर्ड खाली पडला. इम्प्रेशन जबरदस्त.

२ फेब्रुवारी
कळवलं नाही. नुकसान त्यांचं. आजपासून राग बंद.

२ फेब्रुवारी, दुपारी
आईने थंड चहा दिला. कप भिंतीवर. बाबा म्हणाले, "तुले कोणी चपराशी बी ठेवणार नाई." बाबांवर हात उचलला नाही. स्टुलावर उचलला. स्टूल गेलं.
राग उद्यापासून बंद.

१० फेब्रुवारी
लागली! वडनेरचे रूपरावभाऊ घरांवर सोलर बसवायचा ठेका घेतात. त्यांच्याकडे हेल्पर. म्हणजे मॅनेजरच्या जरासं खाली. हेल्मेट निळं दिलं. पिवळं मागितलं तर म्हणाले, "पिवळं इंजिनीअरले रायते बापू. तू शिडी धर."
धरली. रागाने धरली.

२१ फेब्रुवारी
नशीब बघा. हिंगणघाटला काम कोणाच्या छतावर? पुंडलिकरावांच्या, वेदश्रीच्या बाबांच्या! काम संपलं, प्लेटांना हळदीकुंकू झालं. तपासायला निकेश आलेला. रूपरावभाऊंनी नारळ माझ्या हातात दिला. "खालच्या लोखंडावर फोडजो, हळूच."
तेवढ्यात पुंडलिकराव म्हणाले, "या जावईबापू, समोर या."
प्लेट काचेची असते हे मला माहीत होतं. हाताला माहीत नव्हतं. प्लेटचा पार भुगा. नारळ शाबूत.
मग निकेशच्या तोंडावर एक ठेवून दिली, दुसरी त्याच्या हेल्मेटवर बसली. माझ्या हाताचं हाड वाजलं. रूपरावभाऊंनी मला जिन्यावरून खाली आणलं. पायऱ्यांवर पाय एकदाही टेकला नाही.

२३ फेब्रुवारी
हात प्लास्टरमध्ये, डोळा बंद. तरी निकेशचा ओठ फुटला, म्हणजे जिंकलो मीच. शिवाय वेदश्री ओरडली होती, "अरे, कोणी धरा ना याले!" याले! परक्याला कोणी एकेरी बोलतं का?

२ एप्रिल
प्लास्टर निघालं. रूपरावभाऊंनी परत बोलावलं. अर्थात. माझ्याशिवाय अडलं असणार. म्हणाले, "फोडली तू, आता धुयाच्या बी तूच." धुळीने वीज कमी बनते, म्हणून प्लेटा धुवायच्या. क्लीनिंग एक्झिक्युटिव्ह! उद्या पहिलं घर पुंडलिकरावांचं.
प्लॅन: बादली फेकायची, वेदश्रीला सगळं सांगायचं. निकेश मधे आला तर यावेळी हेल्मेट काढायला लावून मारायचं.

३ एप्रिल
प्लेटा धुतल्या. नव्या प्लेटमध्ये माझं तोंड दिसलं. धुतली तरी गेलं नाही.
खाली आलो. बैठकीत वेदश्री एकटीच, लग्नाच्या पत्रिकांना हळदीचं बोट लावून राह्यली होती. मूठ आवळली. मुठीत ओलं फडकं होतं, पाणी तिच्या फरशीवर गळलं.
तिने वर पाहिलं. नीट पाहिलं.
"दादा, ते नारळवाले तुम्हीच का?"
म्हटलं, हो.
"हात बरा हाय न आता?"
म्हटलं, हो.
तिने पुढची पत्रिका घेतली. "जाताना दार हळू लावजा. बाबा झोपले आहेत."
बादली उचलली. फरशी पुसली. बाहेर आलो आणि दार लावलं. आवाज झाला नाही.