अधिक-उणे दोन टक्के

७ एप्रिल, सोमवार
दौलतराव साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. परदेशातल्या गिऱ्हाइकाला आपल्या कंपनीचा कार्बन रिपोर्ट हवाय. वर्षभरात आपल्यामुळे हवेत किती घाण गेली, ते. शिवाय तो आकडा किती चुकू शकतो, तेही टक्क्यांत लिहायचं. साहेबांनी विचारलं, जमेल ना? म्हटलं, डोळे झाकून.
मदतीला जिज्ञासा. पोरगी प्रोबेशनवर आहे. कन्फर्म करायचं की नाही, ते माझ्या शब्दावर. चांगलं वाटलं.

१० एप्रिल, गुरुवार
जिज्ञासाने आकडा आणला. पुढे अधिक-उणे तीस टक्के. तीस! सगळ्या ऑफिससमोर झापली. म्हटलं, इंजिनियर आहेस की बाजारात बसतेस अंदाजपंचे भाजी विकायला?
तिचं म्हणणं, मागचा जनरेटर भाड्याचा आहे, त्याचं डिझेल भाड्यातच येतं, म्हणून बिल नाही. शुक्रवारी तो किती चालतो, ते कुणी पाहिलेलं नाही. मी म्हटलं, अगं बाई, अंबरनाथच्या आपल्या एमआयडीसीला शुक्रवारी सुट्टी असते, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. कंपनी बंद, तर जनरेटर कशाला चालेल? ती म्हणाली, सर, एका शुक्रवारी बघून येऊ या का. आता माझा शुक्रवार मी जनरेटरला देऊ?
तिने मान खाली घातली. मी तीस खोडून दोन केलं. शून्यच करणार होतो, पण माणसाने नम्र असावं.

११ एप्रिल, शुक्रवार
घरी, खरवईला. मटण. झोपलो तर लाइट गेली. दर शुक्रवारचं मेंटेनन्स. वृंदाने विचारलं, तुमच्या कंपनीतही जाते का हो? म्हटलं, जाईना का, तिथे कोण बसलंय!

२२ एप्रिल, मंगळवार
साहेबांनी जिज्ञासाबद्दल विचारलं. म्हटलं, हुशार आहे, पण कॉन्फिडन्स नाही. साहेब म्हणाले, मग मेअखेर सोडून देऊ.
सोडून द्या असं मी म्हटलं नव्हतं. बोलणारच होतो, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. उद्या नक्की सांगतो.

२३ एप्रिल
साहेब पुण्याला. माझा नाइलाज.

२ मे, शुक्रवार
रिपोर्ट तपासायला बाहेरच्या ऑडिट कंपनीच्या चैत्राली मॅडम आल्या. शुक्रवार मीच सुचवला होता. या, शंभर टक्के शांतता असते.
गेटवर पोचलो तर मागून नुसता धडधडाट. कच्चा माल थंड खोलीत ठेवावा लागतो, खोलीला सुट्टी नसते, आणि लाइट तर गेलेली. वॉचमन म्हणाला, दर शुक्रवारी हेच, साहेब.
मॅडमनी ओरडून विचारलं, किती टक्के लिहिलंय? मी म्हटलं, दोन. ऐकू गेलं नाही. मग ओरडून सांगितलं, दोन! तरी नाही. तिसऱ्यांदा बोटं दाखवली.
हिशोब झाला. आमचा आकडा खऱ्यापेक्षा सव्वीस टक्क्यांनी कमी. म्हणजे जिज्ञासाच्या तिसात बसतो. ती शेजारीच उभी होती, सुट्टी सोडून आलेली. माझ्याकडे बघत नव्हती. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

५ मे, सोमवार
साहेब कडाडले, हे दोन टक्के कुणाचे? मी म्हटलं, टीमचे.
टीम म्हणजे दोघं. एक मी.
जेवण गेलं नाही. वृंदाला सांगितलं, अॅसिडिटी. लाज वाटते, आणखी काय.

६ मे
सकाळी सरळ केबिनमध्ये गेलो. सांगून टाकलं, दोन माझे, तीस तिचे, ती बरोबर होती, तिला ठेवा. साहेब म्हणाले, माहीत आहे, कालच तिला विचारलं, राहतेस का, ती नाही म्हणाली. चैत्राली मॅडमच्या कंपनीत लागली आहे.

२८ मे, बुधवार
उद्या तिचा शेवटचा दिवस. झापलं सगळ्यांसमोर, तेव्हा माफीही सगळ्यांसमोरच. वाक्यं पाठ केली. आरशासमोर, वृंदाच्या देखत, उत्तम झाली.

२९ मे, गुरुवार
केक, समोसे. सगळे जमले. मी उभा राहिलो, घसा खाकरला आणि म्हटलं, जिज्ञासा, तुझा डबा पँट्रीत राहिलाय, घेऊन जा.
ती हो सर म्हणाली. मग जाताना दारात थांबून म्हणाली, पुढच्या वर्षी तुमचा रिपोर्ट बहुतेक मीच तपासेन. शुक्रवारी येऊ ना?
घरी वृंदाने विचारलं, मागितलीत का माफी? म्हटलं, मागितली.
अधिक-उणे शंभर टक्के.