श्रीधरचं काम

७ मार्च १९६१, मंगळवार

सडा घातला, शेण उचललं, ज्वारीचं पीठ चाळून परातीत घेतलं. आत हे नाटकातली आपली वाक्यं म्हणून पाहत होते. उमरखेडची ह्यांची ती शेवटची सकाळ एवढीच, दुसऱ्या कुठल्याही सकाळीसारखी. आज नव्या जागी पहिली भाकर तव्यावर टाकली आणि तीच आठवली. हे जाऊन अडीच वर्षं झाली.

पण आज मी खुशीत आहे. इथल्या पंचायतीने मला महिला मंडळासाठी ठेवून घेतलं. दोन खोल्या आहेत. पुढच्या खोलीत शिवणयंत्र आणि सरकारी रेडिओ, मागच्या खोलीत माझी चूल आणि अंथरूण. मधल्या दाराला जुन्या लुगड्याचा पडदा. सरपंच विठ्ठलराव किल्ली देताना म्हणाले, रेडिओचा कान तुम्हीच पिळायचा, बाकी कोणाले हात लावू द्यायचा नाही.

दुपारी गावातल्या आणि तांड्यावरच्या मिळून वीसेक बायका आल्या. मंगळवारी बायकांच्या कार्यक्रमात एका नाटकाचा भाग लागतो. सुमन नावाची सून, तिची सासू, आणि परगावाहून आजारी होऊन परतलेला तिचा नवरा श्रीधर. सासूचं काम करणारी बाई प्रत्येक वाक्य दगडासारखं फेकते. तांड्यावरची हंसाबाई म्हणाली, हे सासू आठ दिवस आमच्या तांड्यात धाडा, सरळ करून वापस देतो. सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि माझं हसणं मलाच नवं वाटलं.

१४ मार्च

सुमनचं काम करणारी मुलगी चांगली आहे. रडायची वेळ आली की ती आवाज चढवत नाही, उलट हळू बोलते. रडणाऱ्या माणसाचं असंच होतं. श्रीधर मात्र आजारी वाटतच नाही. खोकतो तेसुद्धा सुरात. हंसाबाईची सासू धुरपताबाई म्हणाली, पोरगी खरी हाय, नवरा खोटा हाय, असल्यासाठी कायले रडून राह्यली?

श्रीधरला ताप चढला, सुमन वैद्याला आणायला निघाली, आणि रेडिओ घरघरून बंद पडला. बॅटरी संपली. विठ्ठलराव म्हणाले की नवी यवतमाळहून येईल, दोन-तीन आठवडे लागतील. बायका बराच वेळ उठल्या नाहीत.

२१ मार्च

बायका आज आल्याच. बंद रेडिओपुढे बसल्या. हंसाबाई म्हणाली, बाई, तुमी एवढी पुस्तकं वाचता, तो मेला का वाचला एवढं तरी सांगा.

मला अक्षरओळख ह्यांच्या नाटकाच्या वह्यांवरून झाली. तालमीत वाक्य सुचवायला मीच बसायची. म्हटलं, करू. पडद्यामागे गेले आणि आवाज बदलून पुढचा भाग रचला. सासू केली, सुमन केली. श्रीधरसाठी मला एकाच माणसाचा आवाज काढता येत होता. ह्यांचा. थोडा नाकातला, वाक्याच्या शेवटी दमलेला. तापलेला श्रीधर म्हणतो, पाणी दे गं.

मागाहून धुरपताबाई म्हणाली की रेडिओवाल्याहून हा खरा तहानलेला होता.

मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? किती दिवसांनी तो आवाज कानी पडला, माझ्याच तोंडून का होईना.

२८ मार्च

घसा बसला आहे. आज सुमनचं काम कसंबसं कुजबुजत केलं. श्रीधर झोपला आहे असं तिच्याच तोंडून सांगून टाकलं आणि त्याला वगळलं. बाहेर आले तर हंसाबाईने कानशिलावर बोटं मोडून माझी दृष्ट काढली. म्हणाली, घसा बसला तरी माणसाचा आवाज काय काढता बाई! मी म्हटलं, तो तर आज बोललाच नाही. सगळ्या हसल्या. बाई मस्करी करून राह्यली, म्हणाल्या.

त्याने चारदा पाणी मागितलं म्हणतात.

३० मार्च

बायका आता रोज येतात. आज मी पडद्यामागे गेलेच नाही. हंसाबाईला आधी मागची खोली दाखवली. चूल, पाट, माठ. माणूस कोणी नाही. तिने पदर घट्ट ओढला आणि येऊन बसली. मीही बायकांतच बसले.

थोड्या वेळाने सगळ्यांच्या माना पडद्याकडे वळल्या. धुरपताबाईच्या डोळ्यांना धार लागली. मला काही ऐकू आलं नाही. शिवणयंत्रावर एक माशी फिरत होती, तिचाच काय तो आवाज.

सगळ्यांना ऐकू येतं. मलाच नाही.

१ एप्रिल

इथे लिहून टाकते. कोणाला सांगितलेलं नाही.

गणपतीच्या नाटकात हे मरणाऱ्या पाटलाचं काम करणार होते. तो पाटील तीनदा पाणी मागतो आणि मरतो. आठ दिवस घरात तेच चाललं होतं. पहिले दोन दिवस मी तांब्या घेऊन धावले, तर हे हसले. फसली, म्हणाले. मग मी धावणं सोडलं.

त्या सकाळी भाकरी थापत होते. आतून हाक आली, पाणी दे गं. मग पुन्हा. तिसरी इतकी खरी आली की मी चुलीपुढूनच ओरडून सांगितलं, आज जमलं बरं का!

भाकरी झाल्यावर आत गेले.

भाकरी झाल्यावर.

४ एप्रिल

बॅटरी आली. खरा भाग लागला. श्रीधर बरा होऊन गाणं म्हणत होता. हंसाबाई म्हणाली, बंद करा तो, आपल्यावाला ऐकू येऊन नाही राह्यला. मी बंद केला.

माना वळल्या.

मी धुरपताबाईला विचारलं, काय म्हणतात? ती म्हणाली, आज पाणी नाही मागत. एकच गोष्ट इचारते, आज जमलं का.

मी कोणाला सांगितलं नव्हतं. एका माणसाला सोडून कोणालाच —

५ एप्रिल

बायकांना येऊ नका म्हटलं. दार लावून पडद्याशी बसले. दुपारभर. काही नाही. आज माशीसुद्धा —

त्यांना ऐकू येतं. ज्या बाईने ऐकायला हवं होतं तिला मात्र —

६ एप्रिल

धुरपताबाई दारातूनच बोलून गेली, आत आली नाही. म्हणाली, बाई, गेलेल्या माणसाले पाणी देऊ नका. जो देते त्याचाच हात धरते, मग सोडत नाही.

माझा हात अडीच वर्षं रिकामाच आहे.

७ एप्रिल

सकाळी सडा घातला. पीठ चाळलं. पहिली भाकर तव्यावर टाकली आणि पडद्यापलीकडून —

नाकातला. शेवटी दमलेला. मला ऐकू आला. मला.

भाकर तशीच टाकली. करपू दे. तांब्या भरून घेतला आहे.

दुसरी हाक.

तिसरीची वाट नाही पाहणार. उठले. आले हो, आले, हे घ्या —