सेझान, डॉली पार्टन आणि मी

१८ जानेवारी
उद्या वादळ. उद्याच माझा वाढदिवस. चित्रकार सेझान, गायिका डॉली पार्टन आणि मी, तिघेही एकाच तारखेचे. उगाच नाही होत असं.

सगळं साउथ बोस्टन ब्रेड आणि दुधासाठी रांगेत उभं. मी निळा रंग घेऊन आलो. बायकोने, म्हणजे नोरीनने, विचारलं, दूध कुठंय? कलावंताच्या घरात हे चालायचंच.

परवा संध्याकाळपर्यंत चर्चच्या प्रदर्शनाला चित्र द्यायचंय. यंदाही दिलं नाही तर माझा स्टुडिओ, म्हणजे मागची खोली, तिच्या बहिणीला. डरमॉट, हे शेवटचं सांगतेय, म्हणाली. उद्या काढतोच.

१९ जानेवारी, सकाळ
बर्फाने पुढचं दार उघडत नाही. उत्तम! आता व्यत्यय नाही. सेझान वादळात बाहेर चित्र काढत राहिला, आजारी पडला आणि गेला. मी बाहेर जाणार नाही. खिडकीतून निरीक्षण चालू आहे. सगळं पांढरं. कॅनव्हासही पांढराच, म्हणजे निम्मं काम झालंच.

दुपार
नोरीनने मागच्या दाराने जाऊन गाडीभोवतीचा बर्फ उपसला. मी गेलो असतो, पण मनगट जपायला हवं. शेजारच्या सॅलने तिला विचारलं, काय गं, तुझा पिकासो अजून अंथरुणातच का? मी खिडकी लावून घेतली.

ती गाडी घेऊन हॉस्पिटलच्या ड्यूटीवर गेली. जाताना बजावलं, उपसलेल्या जागेत खुर्ची ठेव, नाहीतर कुणीतरी गाडी घुसवेल. खुर्ची तळघरात. तळघर गार. मी इझल, म्हणजे चित्राचा स्टँड, ठेवला, कॅनव्हाससकट. उजेडही बाहेरच चांगला.

संध्याकाळ
कॅनव्हास बाहेर, मी आत. आणावा तर जागा जाईल, आणि जागा गेली तर नोरीन मला सोडणार नाही. दिवे गेलेत. चारी भिंती अंगावर येताहेत. खरं म्हणजे ब्रश हातात घेतला की भीती वाटते. थंडीमुळे असेल.

२० जानेवारी
जागा शाबूत! रात्री कुणीतरी तिथे गाडी लावायला बघत होता, म्हणून सॅलने माझ्या कॅनव्हासवर काळ्या रंगाने लिहिलंय: ही नोरीनची जागा. हात तर लावून बघ! खाली दात विचकणारा कुत्रा. कुत्रा बरा जमलाय.

नोरीनने तो कॅनव्हास तसाच चर्चमध्ये नेऊन दिला. फादरना भलताच आवडला. दारासमोरच लावलाय. खाली नाव सॅल पेट्रोनी.

इझल आता बर्फ संपेपर्यंत रस्त्यावरच राहणार. मागच्या खोलीत नोरीनच्या बहिणीच्या बॅगा आल्यात.

सॅलचा जन्म जुलैतला. मी मुद्दाम विचारलं.