नदीकाठची ओकची रोपं

मॅनिटोबा, ९ मे १९१२

माझ्या आईला ओरिस्याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. प्रभूची तुमच्या घरावर कृपा राहो.

आम्ही सगळे बरे आहोत. आमच्या छोट्या नास्तुन्याला थोडा खोकला आहे, उत्तरेचं वारं भिंतीतून आत येतं म्हणून. तू काळजी करू नकोस. तुझा गुडघा कसा आहे?

आई, तू पाठवलेली, बाबांनी वाढवलेली चेरीची रोपं याही वर्षी मेली. इथली माती पावसात कणकेसारखी चिकटते आणि उन्हात विटेसारखी तडकते. मुळं कुजतात आणि उरलंसुरलं थंडी खाते. तिमको दरवर्षी म्हणतो, "अजून खोल खणू." मी परवा ओरडलेच, "अहो, खोल खड्ड्यातच पाणी साचतं! तीन वर्षं तेच सांगतेय!" तेव्हापासून अबोला होता.

शेजारची म्हातारी लारिव्हिएरबाई इथेच जन्मलेली. ती हसून म्हणाली, "पोरी, नदीकाठी जाऊन बघ, या चिखलात आपणहून काय उगवलंय ते!"

तिथून ओकची अकरा रोपं मातीसकट गोणीत घालून आणली आणि घराच्या उत्तरेला उंचवट्यावर लावली. तिमको दारातूनच म्हणाला, "याला काय चेरी लागणार?" मला इतका राग आला की रडूच फुटलं. मग तो पाण्याची बादली घेऊन आला.

वारा अडायला दहा-पंधरा वर्षं लागतील. तोवर खोकल्याचं काय करू, ते कळव.

आणि आई, रोपं आता पाठवू नकोस. बाबांना वाचून दाखवताना एवढी ओळ गाळ.

तुझी,
ओरिस्या